दत्ताकाकांना बोलावणं

"सुनंदा, कॉफीचं डिकॉक्शन उतरलं गं. तुला आत्ता पाहिजे का थांबून?" मामंजींनी स्वयंपाकघरातून विचारलं, तेव्हा मी कॉम्प्युटरसमोर बसून त्यांच्या निधनाबद्दलची सदतिसावी प्रतिक्रिया वाचत होते.

"थांबून," मी म्हटलं.

पडद्यावर मामंजींचा फोटो होता. त्याखाली नाशिकच्या कुणा 'गोदातीर'नं लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. हे दुःख सहन करण्याची शक्ती ईश्वर तुमच्या कुटुंबाला देवो.' त्याखाली न्यू जर्सीच्या एक बाई: 'सासऱ्यांबद्दल सुनेनं इतक्या मायेनं लिहावं, यातच सगळं आलं. पुण्यवान माणूस गेला.' मग ओळीनं आरआयपी, आरआयपी. आणि मधेच माझा सख्खा भाऊ आशिष: 'छान! असंच लिहीत राहा.' आशिष माझं अक्षरही न वाचता दर वेळी हेच लिहितो असा मला संशय होता. त्या दिवशी पुरावा मिळाला.

आणि तो पुण्यवान माणूस ओट्याशी उभा राहून दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर नजर ठेवून होता.

मी काही लेखिका नाही. लग्न होऊन साताऱ्याहून चेन्नईला आले, तेव्हा 'इतक्या लांब, पण मराठी बोलणारं घर मिळालं' म्हणून आईनं आळीत पेढे वाटले होते. मराठी होतंच, पण ते तंजावरचं मराठी. दोन-तीनशे वर्षांपूर्वी घरून निघालेलं आणि इथं येऊन तमिळशी संसार थाटलेलं. पहिले सहा महिने सासूबाई काहीतरी सांगायच्या, मी भलतंच आणून द्यायचे, आणि दोघी एकमेकींकडे बघून कसनुसं हसायचो.

पण एक सोय होती. या घरात मराठी सगळे बोलतात आणि वाचत कुणीच नाही. सासूबाई तमिळ वाचतात, मामंजी तमिळ आणि इंग्रजी, नवरा कार्तिक नुसतं इंग्रजी. देवनागरी वाचणारी मी एकटी. घरच्यांच्या नाकासमोर बसून घरच्यांबद्दल बिनधास्त लिहायची अशी मुभा कुठल्या सुनेला मिळते? कार्तिक शोळिंगनल्लूरला ऑफिसला गेला, सासूबाई दुपारी लवंडल्या, की मी ब्लॉग उघडायचे. वाक्य सुचायचं भाजी चिरताना. कोथिंबीर निवडताना ते सुधारायचं, आणि टाइप करायला बसेपर्यंत त्यातलं निम्मं विसरलेलं असायचं. उरलेलं मी लिहायचे. कधी वीज जायची आणि तेही जायचं. मग पुन्हा. वाचक चार-पाच. त्यातली एक मीच, कुणी काही लिहिलं का म्हणून येताजाता उघडून बघणारी.

त्या आठवड्यात मी 'आमचे मामंजी' असा लेख लिहिला. मामंजींचं नाव हंबीरराव. नावाप्रमाणे माणूस नाही. दक्षिण रेल्वेच्या हिशेब खात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले, सकाळची कॉफी दुसऱ्या कुणाला करू न देणारे, आणि ती स्टीलच्या पेल्यातून वाटीत ओतताना हात जास्तीत जास्त उंच नेण्यात धन्यता मानणारे. तेवढंच मी लिहिलं होतं. त्याला फोटो हवा होता. अल्बममध्ये त्यांच्या षष्ट्यब्दपूर्तीचा सापडला. साठ वर्षं पुरी झाली की इकडे नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात; होम, मंत्र, गळ्यात गुलाबांचे हे जाडजूड हार. सासूबाईंची सक्त ताकीद होती, "माझा फोटो कोठंही द्यायचा नक्को, दृष्ट लागते." म्हणून मी सासूबाईंना कापून टाकलं. फोटोतून. मामंजी एकटे उरले: कपाळभर चंदन, गळ्यात हार, आणि होमाच्या धुरानं मिटलेले डोळे. जुन्या फोटोला शोभा येते म्हणून मी त्यातला रंग काढला, आणि हौसेनं भोवती एक नक्षीदार चौकटही बसवली.

आता सांगा, काळ्यापांढऱ्या चौकटीत, हार घातलेला, डोळे मिटलेला म्हातारा पाहून सातारा-नाशिककडचा माणूस काय समजेल? पहिल्यानं श्रद्धांजली वाहिली. दुसऱ्यानं लेख वाचण्याऐवजी पहिल्याची श्रद्धांजली वाचली. नेटवर असंच चालतं, मीही असंच करते. शिवाय मी मोठ्या उत्साहानं तो लेख ऑर्कुटवरच्या तंजावर मराठी लोकांच्या गटातही डकवला होता. दुसऱ्याच दिवशी रस्ता खणणाऱ्यांनी आमच्या गल्लीची टेलिफोनची वायर तोडली. फोन बंद, नेट बंद. या सगळ्या शोकाचा आम्हाला पत्ताच नव्हता. रविवारी सकाळी लाइन जोडून दिली, तर हे.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला हसू आलं. मी कार्तिकला उठवून आणलं. तोही पोट धरून हसला. "अप्पा फेमस झाले गं! थांब, माझ्या ऑर्कुटवर कोणी काय लिहिलंय बघू." त्यानं आपलं पान उघडलं आणि त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं.

बंगलोरच्या रणवीरचा निरोप होता, आदल्या रात्रीचा. 'कार्तिक, पेरियप्पाचा फोटो आणि त्याखालचं सगळं आत्ता पाहिलं. मराठी वाचता येत नाही, पण आरआयपी कळलं. तुझा जुना नंबर लागत नाही, घरचा फोन बंद आहे. मी अप्पांना तंजावूरला कळवलं. ते ऐकत नाहीत. रात्रीच्या बसनं एकटेच निघालेत.'

पेरियप्पा म्हणजे थोरले काका, म्हणजे आमचे मामंजी. आणि रणवीरचे अप्पा म्हणजे दत्ताजी, मामंजींचे एकुलते एक धाकटे भाऊ. लग्नाला सात वर्षं झाली, मी त्यांना एकदाही पाहिलेलं नव्हतं. कारण माझं लग्नच होतं.

झालं होतं असं. कार्तिकला कंपनी अमेरिकेला पाठवणार म्हणून आमचं लग्न पंधरा दिवसांत साताऱ्याला उरकलं. (अमेरिका नंतर रद्द झाली. लग्न राहिलं.) त्या धांदलीत मामंजींनी सख्ख्या भावाला पत्रिका पोस्टानं पाठवली आणि वर एक फोन केला. यांच्यात घरच्या माणसाला लग्नाचं बोलावणं असं जात नाही. नवराबायकोनं मिळून दारात जायचं, ताटात कुंकू, अक्षता, विडा घेऊन उभं राहायचं, तोंडानं बोलवायचं. धाकटा असो की थोरला. दत्ताकाका फोनवर एवढंच म्हणाले होते, "पोस्टमन बोलावून गेला. पोस्टमनाच्या घरी लग्न असेल तर जाईन." त्यानंतर दोन्हीकडून शब्द नाही. मामंजींनाही अढी बसली. "येवढी घाई होती, समजून घ्यायला नक्को?" एवढं ते एकदा म्हणाले आणि तो विषय मिटला. म्हणजे चिघळला.

"पण मग आता कसे निघाले?" मी कार्तिकला विचारलं.

"मयताला बोलावणं लागत नाही, सुनंदा," तो म्हणाला. "लग्नाला बोलावलं तरच जायचं. मयताला ऐकलं की निघायचं. फोनसुद्धा करायचा नाही, नुसतं जायचं."

एकदा माझ्या लग्नापायी हे दोघे भाऊ तुटले. आता माझ्या लिखाणापायी त्यातला एक रात्रभर बसमध्ये रडत येत होता, आणि दारात त्याला काय दिसणार, तर थोरला भाऊ कॉफी पितोय. असल्या मानी माणसाला ती थट्टा वाटली असती. मग मात्र खरोखरचं मयत झालं असतं तरी ते आले नसते. मला ब्लॉग आवडतो, प्रतिक्रिया तर त्याहून आवडतात; पण त्या क्षणी सगळं पुसून टाकलं असतं, जर त्यानं बस मागे वळली असती तर.

"काकांना मोबाइल?"

"नाही वापरत. मी तांबरमला जातो, बस तिथं थांबते. उतरताना पकडतो आणि सांगतो. तू अप्पांना सांग."

"मी?"

"लिहिलं कोणी?" असं म्हणून तो चप्पल घालून पसार झाला. नवऱ्यांना अशा वेळी बरोब्बर बाहेरचं काम सापडतं.

सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले. मामंजींनी माझ्यापुढे कॉफी ठेवली, फेसासकट.

"काय झालं? तोंड असं का?"

"मामंजी, मी लिहिते."

"ठाऊक अहे. रोज दुपारी टकटक ऐकू येते की."

"तुमच्याबद्दल लिहिलं."

त्यांनी जरा विचार केला. "माझ्याबद्दल काय अहे लिहायला?"

मी सगळं सांगितलं. फोटो, हार, चौकट, श्रद्धांजल्या. दत्ताकाकांचं तेवढं जिभेवर येऊन अडलं. मामंजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी गेलो म्हणून लोक लिहितात?"

"हो."

"खूप जण?"

"खूप."

ते उठले, आपल्या कॉफीचं भांडं घेऊन कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "वाच."

मी वाचत गेले. प्रत्येक नावाला ते मान डोलवायचे. न्यू जर्सीच्या बाईंचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. "ही कोण? अपल्याला ठाऊक अहे का?"

"नाही."

"तरी येवढं लिहिली! रेल्वेतून निघालो त्या दिवशी साहेब दोन मिनिटं बोलले, त्यात माझं नाव चुकलं." मग त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. "हे येकच बारीक अहे. ह्यानं काय लिहिलं?"

"'छान! असंच लिहीत राहा.' तो माझा भाऊ."

मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, इथंच थांबावं, पुढचं कार्तिकनं निस्तरावं. पण तांबरम ते आमचं क्रोमपेट असं कितीसं अंतर?

"मामंजी, रणवीरनं पण हे पाहिलं. त्यानं तंजावूरला कळवलं. दत्ताकाका निघालेत. रात्रीच्या बसनं."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. टेबलावर कॉफीचा एक ओघळ आला होता, तो बोटानं पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"येकटाच?"

"हो."

"रात्री जेवला नसणार," ते म्हणाले. "मयताला निघालेला माणूस जेवत नाही. त्याला शुगर अहे."

"माझी चूक झाली, मामंजी."

"डाळ टाक," ते उठत म्हणाले. "तांदूळ जास्ती धू." मोरीच्या दाराशी जाऊन थांबले, पंचा खांद्यावर. "आल्याबरोबर त्याला सांगू नका, मी अहे म्हणून. हळू हळू सांगा. शुगर अहे."

दार लागलं. आतून पाण्याचा आवाज यायला लागला. ते रागावले होते, घाबरले होते की आणखी काय, मला कळेना. मी डाळ टाकली. जिवंत माणूस जिवंत आहे हे हळू हळू कसं सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होते. एरवी भाजी चिरताना सुचतात, त्या दिवशी एक सुचेल तर शपथ.

तेवढ्यात फाटक वाजलं.

मी खिडकीतून पाहिलं. पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसलेला, मामंजींसारखंच नाक असलेला, पण त्यांच्याहून किडकिडीत असा एक म्हातारा फाटकाशी उभा होता. खांद्याला कापडी पिशवी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुलाबांचा मोठा हार. मयताला जातोय म्हटल्यावर ड्रायव्हरनं बस तांबरमच्या पुढे आणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. कार्तिक तिकडे एकेका बसमध्ये डोकावत होता.

काकांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर मांडव नाही, भाड्याच्या खुर्च्या नाहीत, दारात चपलांचा ढीग नाही. उंबऱ्यापुढे सासूबाईंनी सकाळी काढलेली रांगोळी. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं: नेलं. आपल्याला उशीर झाला, नेलं. आणि फाटकाची सळई धरून ते मोठ्यानं रडायला लागले.

"अण्णाऽऽ! बघायला पण मिळाला नाहीस रे अण्णा! सात वर्षं वाट बघितलो रे!"

मी हात न पुसताच धावले. पण माझ्याआधी, त्यांच्या पाठीमागून आवाज आला.

"दत्ताजी? अय्यो, का रडताय? घरी काय झालं? हेमावती बरी अहे ना?"

सासूबाई देवळातून आल्या होत्या. हातात फुलांची परडी, अंगावर पिवळी साडी, केसांत मोगरा आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. काकांनी वळून पाहिलं. त्यांची नजर कपाळावर गेली ती तिथंच राहिली. तोंड उघडंच. हळू सांगायची माझी सगळी वाक्यं फुकट गेली. त्या कुंकवानं एका क्षणात सगळं सांगून टाकलं.

"वहिनी... अण्णा?"

"आत अहेत. कोठं जाणार? ह्या वेळी आंघोळ करतात."

काका कसेबसे फाटकातून आत आले आणि मटकन पायरीवर बसले. हाराची पिशवी चपलांच्या स्टँडवर कलंडली. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते, पण ते रडणं आता वेगळं होतं. मी पाणी आणलं, साखर घालावी की नको या घोळात थोडीशीच घातली. ते प्यायले. मला फार बरं वाटलं, पण ते क्षणभरच.

"तू कोण?" त्यांनी भांडं परत देताना विचारलं.

"मी सुनंदा. कार्तिकची बायको. काका, सगळी चूक माझी आहे." आणि तिथंच उभी राहून मी भडाभडा सगळं सांगितलं. लेख, फोटो, लोकांच्या श्रद्धांजल्या. माझं साताऱ्याचं मराठी त्यांना कितपत कळलं देव जाणे. शेवटी म्हटलं, "कुणी मुद्दाम नाही हो केलं. मामंजींना तर अर्ध्या तासापूर्वीपर्यंत माहीत पण नव्हतं."

"म्हणजे अण्णानं बोलावलं नाही," ते म्हणाले.



ते उभे राहिले. उपरण्यानं डोळे कोरडे केले, आणि चेहराही तसाच कोरडा करून घेतला. "मयताला बोलावणं लागत नाही, म्हणून आलो. मयत नाही. देवाची कृपा. मग इथं माझं काय काम?"

"अय्यय्यो, आत या हो," सासूबाई म्हणाल्या. "येवढ्या लांबनं आलाय. पोटात काही नाही."

"नक्को वहिनी. बोलावल्याशिवाय लग्नाला आलो नाही, आता जेवायला येऊ? आधीच गल्लीत रडून घेतलो. पोदुम, पुरे झालं."

समोरच्या घरातल्या धनलक्ष्मी आजी खरंच गच्चीतून वाकून पाहत होत्या. काकांनी पिशवी खांद्याला अडकवली. मला वाटलं, पाय धरावेत. असं सिनेमातल्यासारखं मी कधी केलं नसतं, पण त्या दिवशी केलं असतं.

"दत्ता."

मामंजी दारात उभे होते. ओल्या अंगानं, कमरेला पंचा, केसांतून पाणी ठिबकतंय. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटतं, दोघांच्याही मनात एकच आलं असणार: केवढा म्हातारा झालाय हा! काकांनी डोळे भरून भावाला पाहून घेतलं, अगदी पायाच्या अंगठ्यापासून. हाताला लावून पाहायचं तेवढं बाकी होतं.

"बरे अहात," ते म्हणाले. "बघितलो. पुरे."

"थांब," मामंजी म्हणाले आणि वळून आत गेले.

नुसतेच आत गेले. मिठी नाही, चार शब्द नाहीत. काका थोडा वेळ त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिले. मग खिन्न हसले. "बघितलं, वहिनी? अण्णा तसाच अहे." आणि ते फाटकाकडे चालू लागले. मामंजींचा मला इतका राग आला की आतून ओढून आणावंसं वाटलं. सात वर्षं अढी धरलीत, आता दारात आलेला भाऊ चाललाय, तुम्हाला कपडे बदलायचे सुचतायत?

खरंच कपडे बदलायला गेले होते. बाहेर आले ते जरीकाठी वेष्टी नेसून, खांद्यावर त्याच काठाचं उपरणं, कपाळाला गंध. हातात चांदीचं ताट. ताटात कुंकवाचा करंडा, अक्षता, विड्याची पानं, सुपारी, दोन केळी. घाईत अक्षतांना हळद जास्त लागली होती, बोटं पिवळी झाली होती.

"कृष्णवेणी," त्यांनी हाक मारली. "ये. येकट्यानं बोलावता येत नाही."

सासूबाईंना एका क्षणात कळलं. मला कळायला दोन लागले. परडी माझ्या हातात कोंबून त्या त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. दोघं फाटकापर्यंत चालत गेली. काका फाटकाची कडी काढत होते, त्यांचा हात कडीवरच राहिला.

"दत्ताजीराव," मामंजी म्हणाले. धाकट्या भावाला त्यांनी उभ्या जन्मात अहो-जाहो केलं नसेल. "अमच्या घरी लग्न अहे. अमचा पोरगा कार्तिक, त्याचं. तुम्मी कुटुंबासह येऊन, अगोदर येऊन, उभं राहून कार्य करून द्यायला पाहिजे. तुम्मी आल्याशिवाय पान वाढायचं नाही."

आवाज शेवटी फुटला, पण वाक्य त्यांनी पुरं केलं. सासूबाईंनी पुढे होऊन काकांच्या कपाळाला कुंकू लावलं. समोरच्या गच्चीतल्या धनलक्ष्मी आजींना काय वाटलं असेल ते असो.

मला वाटलं, काका हसतील, किंवा चिडतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. उपरणं नीट केलं. दोन्ही हातांची ओंजळ करून अक्षता घेतल्या, विडा घेतला, डोळ्यांना लावला. आणि बोलावणं आलेल्या माणसानं विचारायचं असतं तसं, अगदी गंभीरपणे विचारलं, "सेरि, बरं. मुलगी कोठली?"

"साताऱ्याची," मामंजी म्हणाले. "ही काय, उभी अहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जुनी कॉटनची साडी खोचलेली, हाताला डाळीची हळद, कडेवर फुलांची परडी. मी तिथंच वाकून त्यांच्या पाया पडले. सात वर्षांपूर्वी अंगावर शालू असताना रडू आलं नव्हतं, ते आता आलं. एवढं मोकळं, एवढं हलकं मला माझ्या खऱ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

"मुहूर्त?" काकांनी विचारलं.

"डाळ शिजली की," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी भावाचा दंड धरून त्याला आत आणलं. दंड सोडला मात्र नाही, सोफ्यावर बसवल्यावरसुद्धा.

"फोन पाहिजे," काका बसताबसताच म्हणाले. "हेमा वाट बघत असेल. कधी उचलणार, किती वाजता नेणार, विचारून सांगा म्हटली होती."

मी फोन त्यांच्यासमोर ठेवला. तंजावूरला एकच घंटा वाजली असेल, आणि पलीकडून हेमाकाकूंचं असं रडणं सुरू झालं की आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं. काकांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला.

"हेमा. हेमा, ऐक. रडू नक्को. अण्णा बोलवायला आलता. दोघं मिळून, कुंकू-अक्षता घेऊन, दारापर्यंत. कार्तिकचं लग्न अहे." पलीकडचं रडणं एकदम थांबलं. "होय गं, आत्ता. दुपारची बस धर आणि नीघ. पांढरी नक्को. रेशमाची पट्टुसाडी घेऊन ये."

मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं. काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"चांगली अहे," ते म्हणाले. "थोडं लिहिते."